दुपारचं पाणी

पेन्टेकोस्टच्या सणाआधीचा शनिवार आमच्याकडे मृतांचा. त्या दिवशी सकाळी मी सासूबाईंच्या थडग्यावर दिवा लावायला निघाले, तेव्हा माझ्या पिशवीत तेलाची बाटली, वाती, काड्यापेटी आणि उकडलेल्या गव्हाचा डबा, एवढंच होतं. परत येताना त्या पिशवीत काय होतं, ते चारचौघांत सांगायला मला चार वर्षं लागली. तेव्हा मध्ये थांबवू नका. एकदा थांबले तर पुन्हा तोंड उघडायचं धैर्य व्हायचं नाही.

कावाला शहरात राहायला येऊन आम्हाला तेव्हा आठ महिने झाले होते. माझे यजमान अनेस्तिस जन्मभर तंबाखूच्या शेतात वाकले आणि शेवटी गुडघ्यांनी संप पुकारला. दवाखाना जवळ हवा म्हणून गावचं घर, अंगण, अंगणातलं अंजिराचं झाड सगळं विकलं आणि चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या. बाल्कनी मात्र ऐसपैस होती. समोर बंदर, खाली तंबाखूची जुनी गोदामं, आणि डाव्या हाताला शेजारच्या बाल्कनीपासून वेगळी करणारी दुधी काचेची आडभिंत. त्या काचेतून पलीकडचं माणूस दिसत नाही, नुसती सावली दिसते.

काचेपलीकडे पोलिक्सेनी राहायची. चाळिशीची, कायम काळ्या कपड्यांत, नवरा मालवाहू जहाजावर. आमचं सामान चढत होतं त्या दिवशी तीच पाण्याचे पेले आणि बशीत चमचाभर चेरीचा मुरांबा घेऊन आली. रिकाम्या बाल्कनीकडे बघत तिने विचारलं, "इथे काही लावणार का, ताई?"

आणि मी, मूर्ख बाई, कमरेवर हात ठेवून म्हणाले, "अगं, मी गावची! नुसती काठी रोवली तरी तिला पालवी फुटते माझ्या हातून. बघशील तू उन्हाळ्यात."

हे एक वाक्य मी गिळलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

इथे सगळे लावतात तसंच मीही डब्यांत लावलं. पांढऱ्या चीजचे, ऑलिव्ह तेलाचे चौकोनी पत्र्याचे डबे धुवायचे, बाहेरून चुना फासायचा आणि ओळीने मांडायचे. मी तेरा मांडले. टोमॅटो, मिरच्या, बेसिल, कडेला दोन वेलही. पण बुडाला भोकं पाडायची असतात हे मला सुचलंच नाही. अंगणातल्या जमिनीला कोण भोकं पाडतं? पंधरा दिवसांत टोमॅटोची रोपं पिवळी पडली आणि डब्यांतून नासक्या पाण्याचा वास यायला लागला.

काचेवर टकटक झाली. "ताई, डब्यांना बुडाला भोकं पाडलीत ना?"

"पाडली तर! पाडल्याशिवाय कोण लावतं?"

ती संध्याकाळी चर्चला गेल्यावर मी खिळा-हातोडी घेऊन बसले आणि एकेक डबा कलता करून भोकं पाडली. चिखलाचं पाणी जे धो धो सुटलं ते थेट तिसऱ्या मजल्यावरच्या बाईच्या धुतलेल्या चादरींवर. "अहो शेतकरीणबाई," खालून आवाज आला, "इथे माणसं राहतात, भात नाही लावलेला!"

मिरच्यांना समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्याने आडवं केलं. बेसिलवर मावा पडला. मग मी बाजारातून फुललेली जिरेनियमं विकत आणली आणि मीच वाढवली म्हणून मिरवली, तर तीही महिन्याभरात माना टाकून बसली. अनेस्तिस खुर्चीत पाय पसरून म्हणायचे, "माझ्या हातून तंबाखूचं एक रोप कधी गेलं नाही. तू काय शिव्या घालतेस का त्यांना?" मेलेली रोपं मी वर्तमानपत्रात गुंडाळून पहाटे दोन गल्ल्या पलीकडच्या कचरापेटीत टाकून यायची. कोणी विचारलंच तर मासळीची घाण आहे म्हणायचं ठरवलं होतं.

पन्नाशी उलटलेल्या बाईने चार रोपांपायी इतकं लाजावं का, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्याकडे मिरवायला दुसरं काय होतं? मूल नाही, शिक्षण नाही, रूपही बेताचंच. मातीतला हात एवढीच माझी कमाई, आणि तीही घराबरोबर विकली गेली असं मला वाटायला लागलं होतं.

तर तो शनिवार. दफनभूमीत सरूच्या झाडांखाली मेणाचा आणि धुपाचा वास कोंडला होता. पाद्रीबाबा थडग्याथडग्यापाशी थांबून नावं वाचत होते. सासूबाई शहरातल्या दिराकडे वारल्या, म्हणून थडगं इथलंच; मी दिवा लावला, ओळखीच्या-अनोळखी बायकांना त्यांच्या नावाने गहू वाटले आणि हात धुवायला कोपऱ्यातल्या नळावर गेले. शहरात जागा कमी, त्यामुळे तीन वर्षं झाली की कबर उघडायची, हाडं वाइनने धुऊन पेटीत घालायची आणि पेटी हाडांच्या खोलीत ठेवायची. थडग्यावरचं बाकीचं सामान या नळाजवळ भिंतीशी येऊन पडतं. फुटके दिवे, फोटोंच्या चौकटी, उन्हाने विटलेली कापडी फुलं. त्या सगळ्यात एक डबा होता.

त्यात आर्बारोरिझा होती, गुलाबाच्या वासाचं जिरेनियम, ज्याचं पान आम्ही मुरांब्यात घालतो. गुडघाभर उंच आणि इतकी दाट की माती दिसत नव्हती. मी बोट घातलं, माती ओली होती. डब्याच्या पत्र्यावर निळ्या रंगात एक हात उमटवलेला होता. लहान मुलाचा. पाचही बोटं स्वच्छ दिसत होती.

मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. हा कुठल्यातरी गेलेल्या पोराच्या थडग्यावरचा डबा, हे मला बघताक्षणी कळलं.

माझी आई म्हणायची, मागून आणलेली काडी रुसते, चोरून आणलेली रुजते. आमच्याकडे सगळ्याच बायका जाता-येता दुसऱ्याच्या कुंपणातली फांदी मोडतात, मागत नाहीत आणि आभारही मानत नाहीत. तीच आई असंही म्हणायची, की दफनभूमीतून फूलसुद्धा घरी आणू नये, चपलेची माती फाटकाशी झटकून यावं. दोन्ही मला पाठ होतं. मी सोयीचं तेवढं आठवलं. नुसती काडी मोडून घेतली असती तरी भागलं असतं, पण काडी रुजायला महिना लागतो आणि मला घाई होती. मी आजूबाजूला बघितलं, डबा पिशवीत घातला, वरून डोक्याचा रुमाल पसरला आणि पाद्रीबाबांना मान लववून फाटकाबाहेर पडले.

घरी आल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर चुना कालवला. चुन्याचे दोन हात दिले तेव्हा तो एक हात झाकला गेला.

आठवड्याभरात माझी बाल्कनी ओळखू येईना. आडव्या झालेल्या मिरच्या उठून उभ्या राहिल्या. वाळलेल्या बुडख्यांना पालवी फुटली, टोमॅटोला घोस लागले, बेसिलचे गोल झुबके झाले. त्या सगळ्याच्या मध्ये ती आर्बारोरिझा. दार उघडलं की तिचा वास अंगावर यायचा. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून वर बघायला लागली. चादरीवाल्या बाईने जिन्यात गाठून बेसिलची जुडी मागितली आणि मी ती अशी दिली, जणू दान करते आहे.

पोलिक्सेनी काचेपलीकडून म्हणाली, "नजर नको लागायला, ताई! थू थू थू. तुम्ही म्हणाला होतात ते खरं केलंत." मग श्वास ओढून, "हा वास… आर्बारोरिझा का हो?"

"हो गं. गावाहून आणली, बहिणीकडून."

मला बहीण नाही.

हे दुपारचं प्रकरण नेमकं कधी सुरू झालं ते सांगता येणार नाही, कारण पहिले काही दिवस मी झोपलेली असणार. जूनपासून जेवणं झाली की अख्खं शहर शटर ओढून घेतं. तीन ते साडेपाच कोणी कोणाला हाक मारत नाही, पोरांना चेंडू खेळू देत नाहीत, कुत्रीसुद्धा गाड्यांखाली जाऊन पडतात. खोलीत अंधार, शटरच्या पट्ट्यांतून आलेल्या उन्हाच्या बारीक रेघा भिंतीवर, बाहेरच्या खोलीत अनेस्तिसचं घोरणं. त्या शांततेत मला झारी भरल्याचा आवाज आला. रिकाम्या पत्र्यावर पडणारं पाणी आधी वाजतं, मग हळूहळू घोगरं होत जातं. मग पाणी घालण्याचा आवाज. एक डबा. थांबून दुसरा. थांबून तिसरा…

मला वाटलं पोलिक्सेनीच्या बाल्कनीत चाललंय. पण तिच्या बाल्कनीत एकही कुंडी नव्हती.

साडेपाचला शटर वर केलं तेव्हा फरशी ओली होती आणि चौदाही डब्यांखालच्या बशा काठोकाठ भरलेल्या. ओली पावलं उमटलेली होती. माझ्या वितीपेक्षा जराशीच मोठी, बोटं पसरलेली, अनवाणी. ती दारातून आली नव्हती. आर्बारोरिझाच्या डब्यापासून सुरू होत होती, सगळीकडे फिरून त्याच डब्यापाशी संपत होती.

भर दुपारी झाडांना कोणी पाणी घालत नाही. पाणी तापतं, मुळं शिजतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि तरी माझी झाडं वाढत होती. खालची बाई एकदा ओरडली, "दुपारी तीनला पाणी घालता? गावात हेच शिकवलं का तुम्हाला?" मी म्हटलं, "चुकलं हो." भीती वाटत होती, नाही असं नाही. पण लोक वर बघत होते, कौतुक करत होते, म्हणून मी फडकं घेऊन पावलं पुसून टाकायची आणि गप्प बसायची. अनेस्तिसनाही बोलले नाही.

जुलैच्या सुरुवातीची एक संध्याकाळ. आम्ही दोघी रोजच्यासारख्या आपापल्या बाजूला काचेला खुर्ची लावून बसलो होतो. कॉफी आपापली, गप्पा एकत्र.

पोलिक्सेनी म्हणाली, "तुम्ही मला कधी काही विचारलं नाहीत, ताई."

"काय विचारायचं? काळे कपडे दिसतात की मला."

"लेमोनिया नाव तिचं. अकरा वर्षांची होती. जन्मापासून हृदय कच्चं. डॉक्टर म्हणायचे, दुपारी झोपवत जा. झोपतेय कसली! माझा डोळा लागला की ही झारी घेऊन बाल्कनीत. मी ओरडायची तर म्हणायची, आई, रागावू नकोस, एकच डबा राहिलाय." ती हसली. "रोज एकच राहिलेला असायचा."

मी कप खाली ठेवला.

"एकदा मी तिच्या थोबाडीत मारली. मुळं शिजतील म्हणून, ताई. मुळांसाठी मारलं मी तिला. त्यानंतर दहा दिवसांनी ती गेली." काचेतून तिचा श्वास ऐकू येत होता. "मग मी बाल्कनीतलं सगळं देऊन टाकलं. तिने स्वतः लावलेला एकच डबा ठेवला, आर्बारोरिझाचा. वर निळा हात उमटवलेला. तीन वर्षं तो तिच्याजवळ ठेवला होता, तिकडे. रोज दुपारी जाऊन पाणी घालायची मी. दुपारीच. तिला आवडायचं म्हणून. मृतांच्या शनिवारच्या आदल्या दिवशी कबर उघडली. पेटी माझ्या दोन्ही हातांत होती, तिसरा हात कुठून आणू? डबा नळापाशी ठेवला, म्हटलं उद्या नेईन. उद्या गेले तर नाही."

सांगायची वेळ हीच होती. डबा माझ्यापासून चार पावलांवर होता. मी उठायचं, तो उचलायचा, तिच्या दाराची घंटा वाजवायची. माझ्या तोंडातून जे निघालं ते असं: "माणसं काय काय चोरतात, नाही!"

"चोरलेलं रुजतं म्हणतात," ती म्हणाली. "रुजू दे. मी शाप नाही दिला हं, ताई. कोणी का असेना, पाणी घालत असला म्हणजे झालं."

शाप दिला असता तर मी सुटले असते. त्या रात्री मी जेवले नाही आणि अनेस्तिसना सांगितलं पोट बिघडलंय.

तीन दिवसांनी शटर वर केलं न केलं तोच काचेवर टकटक झाली. हळू, नखाने केल्यासारखी.

"ताई… दुपारी तुम्ही बाल्कनीत होतात?"

"का गं?"

"मला झोप येत नाही हल्ली. काचेत सावली दिसली. एवढीशी… झारी दोन्ही हातांनी धरलेली…" ती काचेच्या अगदी जवळ आली असावी, कारण दुधी काचेवर वाफेचा डाग उमटला. "तुमच्याकडे पाहुणे आलेत का? कोणी लहान?"

मी नाही म्हणाले असते, तर मग सावली कोणाची? आणि ती कोणाची हे ठरलं, की इथे का, हा प्रश्न येणार. मी हा सगळा हिशेब एका श्वासात केला.

"मीच होते गं," मी म्हटलं. "ओणवी होऊन पाणी घालत होते."

पलीकडून बाहीने तो डाग पुसला गेला. मग, "हो… मलाही तसंच वाटलं. वेडी आहे मी." खुर्ची सरकली, दार लागलं. थोड्या वेळाने तिने आत नळ सोडला, पण नळाच्या आवाजात रडणं लपत नाही.

डबा चोरला तेव्हा मला लाज वाटली होती. त्या संध्याकाळी वाटलं ते लाजेच्या पलीकडचं होतं. आईला तीन वर्षांनी मुलगी दिसली आणि मी म्हटलं, ती मीच. याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. कुठल्या पाद्र्यालाही माहीत नसेल.

दुसऱ्या दुपारी मी झोपले नाही. शटरच्या आत जमिनीवर बसले, पट्ट्यांच्या फटीला डोळा लावून. झारीचा आवाज झाला. फटीतून जेवढं दिसतं तेवढंच दिसलं: ओल्या टाचा, फ्रॉकची फिकट किनार, झारीच्या तोटीतून पडणारं पाणी. आर्बारोरिझाचा वास येत होता आणि त्याच्याखाली आंबट वाइनचा. ती डब्यामागून डबा करत माझ्या शटरसमोर येऊन थांबली. फटीतलं ऊन बुजलं.

"आई… रागावू नकोस. एकच डबा राहिलाय."

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्या नावाने मला कोणी हाक मारली नव्हती. अनेस्तिसच्या भावांची पोरं मला काकू म्हणतात, रस्त्यातली पोरं आजी. मी म्हणायला हवं होतं, बाळा, मी नव्हे, तुझी आई काचेपलीकडे आहे, जागी आहे. एवढं म्हणायला किती वेळ लागतो?

"नाही रागावत," मी म्हणाले.

बाहेर ती हसली. शटरवर पाण्याचे चार थेंब उडाले.

मग रोज. पाचव्या-सहाव्या दिवशी मी दुपारी केस विंचरायला लागले, हे तुम्हाला सांगते आहे ते मान खाली घालूनच. "सावकाश," मी म्हणायची, "फरशी ओली आहे, घसरशील." ती म्हणायची, "नाही घसरत." एवढंच आमचं बोलणं. पलीकडे पोलिक्सेनीची खुर्ची करकरायची. आपण वेड्या नाही हे तिला कोणी सांगत नव्हतं.

पंधरा ऑगस्टला मोठा सण, मरियामातेचा. सगळा गाव प्रसाद घेतो, आणि प्रसाद घेण्याआधी माणसं दारोदार जाऊन एकमेकांची क्षमा मागतात. चौदा तारखेला संध्याकाळी आमची घंटा वाजली. दारात पोलिक्सेनी. ती बारीक झाली होती, काळा फ्रॉक खांद्यांवर लोंबत होता.

"ताई," ती म्हणाली, "वर्षभरात माझ्याकडून काही कमी-जास्त झालं असेल, तर मला क्षमा करा."

माझी क्षमा! तिने! अनेस्तिस खुर्चीतून म्हणाले, "देव करील, पोरी," जसं म्हणायचं असतं तसं. माझ्या तोंडातून ते निघेना. मी उलट्या पावली बाल्कनीत गेले, खिळ्याने डब्यावरचा चुना खरवडला. ढलपे नखांत घुसत होते. निळा हात वर आला तेव्हा मी डबा उचलला आणि तिच्या हातात दिला. आणि दारातच, नवऱ्यादेखत, सगळं सांगितलं. नळ, पिशवी, चुना, बहीण, पावलं, सावली. सावलीचं सांगत होते तेव्हा अनेस्तिस उठून आत निघून गेले. मी त्या मुलीशी बोलत होते, हेही सांगितलं. ती मला काय म्हणते आणि मी काय उत्तर देते, तेवढं मात्र पोटात ठेवलं.

पोलिक्सेनीने मला मारलं नाही, शिवी दिली नाही. तिने आपला तळहात त्या छोट्या हातावर ठेवला. "म्हणजे ती आली होती," ती म्हणाली. "म्हणजे मी पाहिली ती तीच." मग तिचा चेहरा असा काही उजळला की मला बघवेना. "उद्यापासून माझ्याकडे येईल."

दुसऱ्या दिवशी मी प्रसादाला गेले नाही. दुपारी जेवणं झाली, घंटा थांबल्या, शहर झोपलं. मी शटरच्या आत बसले. काचेपलीकडे पोलिक्सेनीचं शटर वर गेल्याचं ऐकलं. तिने खुर्ची बाहेर घेतली, डबा फरशीवर ठेवला. ती वाट बघायला लागली आणि मीही. देवाशपथ सांगते, मी मनापासून म्हणत होते, तिकडे जा, बाळा, तिकडे जा.

झारी भरल्याचा आवाज आला. माझ्या बाजूला.

एक डबा, थांबून दुसरा, थांबून तिसरा. तेरा झाले. मग जिथे आर्बारोरिझा असायची, तिथल्या कोऱ्या चौकोनावर पाणी पडायला लागलं, थेट फरशीवर, चटचट.

"लेमोनिया…" पलीकडून पोलिक्सेनी, अगदी हलक्या आवाजात, पाखरू उडू नये तशी. "इकडे, सोन्या. डबा इकडे आहे बघ…"

पाण्याचा आवाज थांबला. फटीतलं ऊन बुजलं. परक्या माणसाबद्दल मुलं आपल्याच माणसाला विचारतात ना, तोंड जवळ आणून, तसं तिने मला विचारलं,

"आई… त्या बाई कोणाला हाका मारतायत?"

काचेपलीकडची खुर्ची वाजली नाही. काही वेळाने पोलिक्सेनीचा आवाज आला. रडका नव्हता. भाजीवाल्याला निरोप द्यावा इतका साधा होता.

"ताई, सांगा तिला."

मी तोंड उघडलं. तुझी आई ती आहे, एवढंच सांगायचं होतं. जीभ टाळूला चिकटली होती म्हणेन, तर ती माझी आणखी एक थाप ठरेल. मला बोलता येत होतं.

मी बोलले नाही.

त्यालाही आता चार वर्षं होत आली. जिन्यात भेटलो की पोलिक्सेनी मला नमस्कार करते, अनेस्तिसच्या गुडघ्यांची चौकशी करते. अनेस्तिस माझ्याशी कामापुरतं बोलतात. बाल्कनीबद्दल लोक अजून विचारतात, हात कसा काय तुमचा असा म्हणून. आणि रोज दुपारी, मुलीचं पाणी घालून झालं, त्या बाई कोण हे विचारून झालं, की काचेपलीकडून एकदाच आवाज येतो, "सांगा ना, ताई." एकदाच. मग ती आत जाते.

गेल्या मंगळवारी झारीचा आवाज झालाच नाही. मला वाटलं, संपलं. मी डोळे मिटून पलंगावर पडले होते, शटर पूर्ण खाली होतं, कडी लावलेली. पायथ्याची गादी जराशी दबली. चादर घोट्यापाशी ओली लागली.

"आई," ती अगदी जवळून म्हणाली, "आता एकही डबा राहिला नाही."

काचेपलीकडे पोलिक्सेनी तिचं वाक्य म्हणत होती. मी ऐकलं, आणि भिंतीकडे सरकून मुलीला जागा करून दिली.